ओझ्याचा हिशेब : शहरी बागशेती आणि जड मालाची वाहतूक

(दिल्लीत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. वित्तीय तूट, चलनवाढ, संघराज्यीय संबंध यांना अभ्यासक्रमात जे स्थान आहे, ते खताच्या पोत्याला नाही. तरीही पोते कोठून येते, कोणत्या वाहनाने येते आणि वाहन थांबल्यानंतर ते कोणाच्या पाठीवरून पुढे जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधू लागले की भूगोल, अर्थशास्त्र, पर्यावरण आणि कामगार कायदा हे चारही विषय एकाच वाटेवर भेटतात.

प्रारंभी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही चार कुटुंबांनी मिळून गुरुग्रामच्या परिघावर सुमारे शंभर चौरस मीटरचा जमिनीचा तुकडा भाड्याने घेतला. हेतू साधा होता, हिवाळ्यात घरापुरती भाजी पिकवावी. जमीन कठीण व सेंद्रिय द्रव्यात दरिद्री होती, म्हणून शेणखत मागविले. खत स्वस्त मिळाले. परंतु मालवाहू गाडी मुख्य रस्त्यावरच थांबली. तेथून आमच्या तुकड्यापर्यंत दोनशे मीटरची अरुंद पाऊलवाट होती. त्या दिवशी संध्याकाळी हिशेब केला तेव्हा खताच्या किमतीपेक्षा ते वाफ्यापर्यंत पोचविण्याचा खर्च अधिक झाल्याचे दिसून आले. त्या दिवशी आमच्या हातून आणखी एक चूक घडली, तिच्याकडे मी शेवटी येईन.

भाडेपट्ट्याने बागेचा तुकडा घेण्याची कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने अशा तुकड्यांची तरतूद करणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरविले. तेथील पारंपरिक तुकडा साधारण अडीचशे चौरस मीटरचा असतो. जर्मनीतही अशा बागांची जुनी परंपरा आहे. आपल्याकडे त्यासाठी स्वतंत्र कायदा नसला तरी गुरुग्राम, नोएडा व फरिदाबादच्या सीमेवर अनेक कुटुंबे खाजगी करारावर असे तुकडे कसतात. शिवाय यमुनेच्या खादरात भाजीपाला पिकविणारे छोटे शेतकरी आहेत आणि वसाहतींतील गच्च्यांवर बागा आहेत. या सर्वांची एक अडचण समान आहे. माल जड आहे, गरज थोडी आहे आणि खिसा लहान आहे.

वजनाचे अंकगणित

खर्चाचा विचार करण्यापूर्वी वजनाचा विचार करू. शंभर चौरस मीटर जमिनीवर पाच सेंटिमीटर जाडीचा खताचा थर द्यावयाचा असेल तर पाच घनमीटर खत लागते. कुजलेल्या खताचे वजन दर घनमीटरला सुमारे सहाशे किलो धरले, तर हा माल तीन टनांचा होतो. पन्नास किलोची एक गोणी धरल्यास साठ गोण्या झाल्या.

आता दोनशे मीटरची पाऊलवाट आठवा. एका माणसाने एका वेळी एक गोणी नेली तर जाऊन-येऊन चारशे मीटर होतात. साठ गोण्यांसाठी चोवीस किलोमीटर चालावे लागते, त्यांपैकी बारा किलोमीटर डोक्यावर ओझे असते. एकचाकी ढकलगाडीवर दोन गोण्या घेतल्या तर हीच चाल बारा किलोमीटरवर येते. ठेल्यावर सहा गोण्या घातल्या तर दहा खेपा व चार किलोमीटर. दोन्ही बाबतींत ओझे चाकावर असते. म्हणजे या कामात स्वस्ताई आणणारा पहिला घटक चाक होय आणि त्या चाकाला चालेल अशी वाट हा दुसरा घटक होय. पाऊलवाटेवरचे चार खड्डे बुजविणे व दोन फळ्या टाकणे हा अर्ध्या दिवसाचा खर्च पुढील प्रत्येक हंगामात वसूल होतो. ग्रामीण रस्त्यांविषयी आपण जे वाचता, त्याचेच हे लहान रूप आहे.

परंतु तीन टन खत खरोखर हवे होते का, असा प्रश्न आम्ही आधी विचारला नव्हता. पीक वाफ्यांत येते, वाटेवर नाही. सहा मीटर लांब व एक मीटर वीस सेंटिमीटर रुंद असे आठ वाफे केले, तर लागवडीचे क्षेत्र अठ्ठावन्न चौरस मीटरांहून कमी भरते. केवळ तेवढ्यावरच थर दिला तर खत पावणेदोन टनांच्या आसपास पुरते. साठ गोण्यांच्या पस्तीस गोण्या झाल्या. घासाघीस न करता आणि कोणाचीही मजुरी न कापता खर्च चाळीस टक्क्यांहून अधिक कमी झाला.

विटांचेही असेच आहे. या आठ वाफ्यांना विटांची कड करावयाची म्हटले तर एकूण परिघ सुमारे ११५ मीटर होतो व त्यासाठी पाचशेच्या आसपास विटा लागतात. एक वीट सुमारे तीन किलोची धरली तर हा दीड टन माल झाला. त्याऐवजी दोन वाफ्यांमधील वाट वीतभर खोल खणून ती माती वाफ्यावर चढविली तर वाफा आपोआप उंच होतो. वाट निचऱ्याचे काम करते आणि एकही वीट आणावी लागत नाही.

गच्चीवरील बागेत मात्र वजनाचा प्रश्न पैशापुरता उरत नाही, तो सुरक्षिततेचा होतो. ज्या गच्चीवर जाण्याची सोय आहे, तिच्यासाठी भारतीय मानकांत दर चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो इतका चल भार गृहीत धरलेला असतो. पंधरा सेंटिमीटर जाडीचा ओल्या मातीचा थर दर चौरस मीटरला अडीचशे किलोंच्या वर जातो. म्हणून गच्चीवर शेतातील माती नेणे हा खर्चिकच नव्हे तर धोक्याचाही मार्ग आहे. तेथे पालापाचोळ्याचे खत, नारळाच्या काथ्याचा भुसा अशी हलकी माध्यमेच योग्य ठरतात, आणि तीही इमारतीची क्षमता तपासून घेतल्यावर.

सिद्धान्त आणि धोरण

भूगोलाच्या विद्यार्थ्यांना या ठिकाणी योहान हाइनरिश फॉन थ्युनेन यांचे नाव आठवेल. १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी शहराभोवतीच्या भूमी-उपयोगाची वर्तुळे मांडली. भाजीपाला व दूध यांना पहिले वर्तुळ दिले, कारण हा माल नाशवंत आहे आणि शहरातील खत तेथवर सहज पोचते. दुसरे वर्तुळ त्यांनी जंगलाला दिले, कारण सरपण जड असते व दुरून आणणे परवडत नाही. आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये उद्योगांच्या स्थानाचा सिद्धान्त मांडताना हाच विचार पुढे नेला. ज्या कच्च्या मालाचे वजन प्रक्रियेत घटते, त्यावरील प्रक्रिया मालाच्या उगमाजवळच होणे स्वस्त पडते.

वेबर यांचे हे सूत्र शेणखताला लावून पाहा. ताज्या शेणात सुमारे चार पंचमांश भाग पाणी असते. एक टन ताजे शेण आणणारा माणूस वस्तुतः आठशे किलो पाण्याच्या वाहतुकीचे भाडे भरत असतो. तेच शेण गोठ्याजवळ कुजवून व निथळवून आणले तर वजन व आकारमान दोन्ही घटतात. पावसाळ्यात उघड्यावर भिजलेले खत विकत घेणे ही याच चुकीची दुसरी आवृत्ती होय. नारळाच्या काथ्याच्या दाबलेल्या विटा हे याच्या उलट उदाहरण आहे. पाच किलोची वीट कोरडी येते आणि बागेत पाणी पिऊन कित्येक पट फुगते. प्रवास कोरड्याने करावा, ओलावा जागेवर द्यावा, असा याचा अर्थ.

धोरणाच्या पातळीवरही वाहतूकखर्चाने आपल्या देशाचा नकाशा घडविला आहे. १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत मालभाडे समानीकरणाच्या धोरणामुळे पोलादासारख्या वस्तू देशभर जवळजवळ एकाच दराने उपलब्ध होत. त्यामुळे खनिजसंपन्न बिहार, बंगाल व ओडिशा यांचा स्थानिक लाभ हिरावला गेला, ही टीका आपण वाचली असेल. भाडे कोण भरतो यावरून कोणता प्रदेश वाढेल हे ठरते.

आता हाच प्रश्न खताविषयी विचारू. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २०.७ किलो नत्र असते. ०.८ टक्के नत्र असलेल्या शहरी कंपोस्टमधून तितकेच नत्र मिळवायचे तर जवळजवळ २.६ टन कंपोस्ट वाहून न्यावे लागेल. ही तुलना केवळ वजनाची आहे, मात्रेची शिफारस नव्हे, आणि कंपोस्टचे मोल नत्रापुरते नाही. ते जमिनीला सेंद्रिय कर्ब देते व पाणी धरून ठेवण्याची शक्ती वाढविते. तथापि शेतकऱ्याच्या दाराशी उभ्या असलेल्या गाडीपुढे वजनाचा युक्तिवादच प्रबळ ठरतो. अनुदानित रासायनिक खतांच्या वाहतुकीचा भार शासन उचलते, त्यासाठी २००८ पासून एकसमान मालभाडे अनुदानाचे धोरण आखले गेले. शहरी कंपोस्टला २०१६ मध्ये टनामागे १,५०० रुपये बाजार विकास साहाय्य जाहीर झाले. २०२३ मध्ये गोबरधन उपक्रमातील संयंत्रांतून निघणाऱ्या सेंद्रिय खतालाही त्याच दराने साहाय्य मंजूर झाले. दर किलोला दीड रुपया, असा याचा अर्थ होतो. ही मदत निश्चितच उपयुक्त आहे. परंतु वजनाने पन्नासपटींहून अधिक असलेल्या मालाला अखेरच्या वाटेचा वेगळा विचार लागतो, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

नदीने आणलेली माती

दिल्लीत एक असा वाहक आहे जो भाडे घेत नाही. तो म्हणजे यमुना. पुराबरोबर नदी गाळ आणते व खादरात पसरवते. शतकानुशतके खादरातील भाजीपाल्याची सुपीकता या विनामूल्य वाहतुकीवर उभी होती. शहराजवळची बाजारपेठ आणि नदीने घरपोच दिलेली माती, असे हे दुहेरी वरदान होते.

मात्र नदी आज केवळ गाळ वाहत नाही. वजिराबाद ते ओखला हा यमुनेचा सुमारे २२ किलोमीटरचा पट्टा नदीच्या एकूण लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे, परंतु तिच्या प्रदूषणाचा फार मोठा वाटा याच पट्ट्यातील नाल्यांतून येतो. जानेवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने यमुना स्वच्छ होईपर्यंत दिल्लीतील पूरक्षेत्रात खाद्य पिके घेण्यास मनाई केली, त्यामागे हीच चिंता होती. जुलै २०२३ मध्ये जुन्या लोखंडी पुलाजवळ यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली व १९७८ चा २०७.४९ मीटरचा विक्रम मोडला. तेव्हा खादरातील वस्त्या व पिके पाण्याखाली गेली. फुकट आलेला माल तपासल्याविना घेऊ नये, हा येथील धडा आहे. तो खादरातील शेतकऱ्यासाठी उपजीविकेचा, तर भाजी खाणाऱ्या नागरिकासाठी आरोग्याचा प्रश्न आहे.

हीच सावधगिरी कचराभूमीतील मातीबाबतही हवी. गाझीपूर येथील कचराभूमी १९८४ पासून वापरात आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये तेथील ढिगाचा भाग कोसळून दोघांचा मृत्यू झाला. जुना कचरा चाळून वेगळा केला जातो तेव्हा मातीसारखा बारीक भाग मोठ्या प्रमाणात निघतो. तो भराव टाकण्यास उपयोगी पडू शकतो. परंतु जड धातूंची तपासणी झाल्याखेरीज असा माल भाजीच्या वाफ्यात टाकणे योग्य नव्हे.

न वाहून नेलेला माल सर्वांत स्वस्त

यावरून एक साधे तत्त्व हाती येते. जो माल आणावाच लागत नाही, त्याची वाहतूक सर्वांत स्वस्त.

दिल्लीत कडुनिंब, पिंपळ, पिलखन यांची पानगळ प्रामुख्याने वसंताच्या सुमारास होते. एकेकाळी हा पाला रस्त्याकडेला सर्रास पेटवून दिला जाई. एप्रिल २०१५ मध्ये हरित न्यायाधिकरणाने कचरा व पाला उघड्यावर जाळण्यास बंदी घालून पाच हजार रुपये दंडाची तरतूद केली. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मोठ्या वसाहतींना जैविक कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरविण्यास सांगितले. बागेच्या कोपऱ्यात एक मीटर लांब, रुंद व उंच असा जाळीचा पिंजरा उभारून त्यात पाला, स्वयंपाकघरातील भाजीची देठे व थोडे शेण थराथराने घातले आणि ओल राखली, तर काही महिन्यांत खत तयार होते. पाला हलका असतो, तो ठेल्यावर ढीगभर आणता येतो. त्याचे खत जेथे वापरायचे तेथेच होते. दूरच्या डेपोतून टनांनी खत आणण्याऐवजी शेजारच्या रस्त्यावरून किलोंनी पाला आणणे, असा हा बदल आहे.

महाराष्ट्रात या विचाराला मोठी परंपरा आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून शेतकऱ्यांना व शहरी बागकामकऱ्यांना आपल्या भोवतालच्या जैविक द्रव्यापासून सकस माती जागेवरच घडविण्यास शिकविले. तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहात प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातील ओला कचरा वापरून गच्चीवर बाग उभी केली, तीही दाभोळकरांच्या पद्धतीवरच. त्या गच्चीवर ट्रकांनी माती चढविली गेली नाही. खाली निर्माण होणारा आणि एरवी गाडीत भरून बाहेर जाणारा कचराच वर माती झाला. दोन वाहतुकी एकदम वाचल्या, आणलेल्या मातीची आणि नेलेल्या कचऱ्याची.

आणि सर्वांत जड माल कोणता, याचा कधी विचार केला आहे का? तो पाणी आहे. उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज पाच लिटर पाणी लागते असे मानले तर शंभर चौरस मीटरला दररोज अर्धा टन पाणी द्यावे लागेल. उलट दिल्लीत सफदरजंग येथील वार्षिक सरासरी पाऊस सुमारे ७७४ मिलिमीटर आहे. म्हणजे तेवढ्याच जमिनीवर वर्षभरात ७७ टन पाणी आकाशातून येऊन पडते. त्यातील बहुतांश पावसाळ्याच्या तीन महिन्यांत येते हे खरे. म्हणूनच पिंप, आच्छादन व सेंद्रिय द्रव्ययुक्त माती यांच्या साहाय्याने त्यातील काही अंश जागेवर धरून ठेवणे, ही वाहतूकखर्चातील मोठी बचत ठरते.

योग्य वाहन, योग्य वेळ

तरीही काही माल आणावाच लागतो. तेव्हा वाहनाची निवड महत्त्वाची. दिल्लीत सायकल-ठेला, विजेवरील ई-कार्ट, तीनचाकी टेम्पो, ‘छोटा हाथी’ या टोपणनावाने ओळखला जाणारा लहान ट्रक आणि ट्रॅक्टरची ट्रॉली असे पर्याय आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१४ मध्ये ई-रिक्षा व ई-कार्ट यांची स्वतंत्र व्याख्या झाली व ई-कार्टच्या मालाची मर्यादा ३१० किलो ठरविण्यात आली. पावणेदोन टन खत या वाहनाने सहा खेपांत येते, पाऊण टन क्षमतेच्या लहान ट्रकने तीन खेपांत, तर ट्रॉलीने एकाच खेपेत. जवळच्या अंतरासाठी लहान वाहनाच्या अनेक खेपा परवडतात, लांबच्या अंतरासाठी मोठ्या वाहनाची एकच. शेजारच्या तुकडेधारकांनी एकत्र येऊन एक ट्रॉली मागविली तर प्रत्येकाचा वाटा कमी होतो. सहकाराचे तत्त्व साखर कारखान्याइतकेच खताच्या ट्रॉलीलाही लागू पडते.

वेळेचेही बंधन आहे. दिल्लीच्या प्रमुख रस्त्यांवर सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत मालवाहू वाहनांना मज्जाव असतो. २०२१ मध्ये विजेवर चालणाऱ्या हलक्या मालवाहू वाहनांना या बंधनातून सूट देण्यात आली. हिवाळ्यात हवेची गुणवत्ता ढासळली की २०१७ मध्ये अधिसूचित झालेल्या श्रेणीबद्ध कृती आराखड्यानुसार मालमोटारी व बांधकाम यांवर टप्प्याटप्प्याने निर्बंध येतात. रेती-माती उघडी वाहून नेणे तर केव्हाही गैर आहे. म्हणून जड सामान ऑक्टोबरपूर्वी आणून झाकून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

या वाहनांपैकी सर्वांत स्वस्त व प्रदूषणरहित असलेल्या पायचाकी वाहनाकडे शहरी नियोजनाने दीर्घकाळ अडथळा म्हणून पाहिले. दिल्लीत सायकल रिक्षांच्या परवान्यांवर ९९,००० ची कमाल मर्यादा होती व चालकानेच मालक असावे अशी अट होती. ‘मानुषी’ संस्थेच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ही बंधने रद्द ठरविली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. रस्ता हा केवळ मोटारींचा नसून उपजीविकेचाही आहे, हे या निर्णयाचे सार होय.

काटकसर कोणाच्या पाठीवर?

आता मी प्रारंभी सांगितलेल्या चुकीकडे येतो. त्या दिवशी गाडी मुख्य रस्त्यावर थांबल्यावर आम्ही एका ठेलेवाल्याला बोलावले. वयाने साठीच्या घरातले ते गृहस्थ होते. त्यांनी सांगितलेल्या मजुरीत आम्ही घासाघीस केली आणि ती आमच्या मनासारखी कमीही करून घेतली. गोण्या पन्नास किलोच्या आहेत असे आम्ही त्यांना सांगितले होते. चार-पाच गोण्या उचलल्यावर ते थांबले आणि म्हणाले, ‘‘बाबूजी, हे पन्नास किलो नाही.’’ खत ओले होते, गोण्या तोंडापर्यंत ठासलेल्या होत्या. जवळच्या भंगारवाल्याच्या काट्यावर वजन केले तेव्हा एक गोणी सत्तर किलोंच्या वर भरली. आम्ही खताच्या दुकानात ओलावा तपासला नव्हता, गोणी तोलली नव्हती. आमच्या अज्ञानाची किंमत त्या माणसाच्या मणक्याने भरावी, असा तो व्यवहार होता. आम्ही ठरलेल्या मजुरीहून अधिक पैसे दिले, उरलेल्या गोण्या अर्ध्या-अर्ध्या केल्या व त्या चढविण्यास स्वतः हात लावला. पण घासाघीस करताना जी स्वस्ताई आम्हांला बचत वाटत होती, ती बचत नव्हती, हे तेव्हा उमगले.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये एका कामगाराने उचलावयाच्या कमाल वजनाविषयी करार स्वीकारला. त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही मर्यादा सुचविली आहे. महाराष्ट्राने त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले होते. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. ओझे वाहणारा माणूसही कामगार आहे आणि त्याला निश्चित मजुरी, भविष्यनिर्वाह निधी व वैद्यकीय सोय मिळाली पाहिजे, ही गोष्ट या चळवळीने कायद्याच्या भाषेत आणली. दिल्लीच्या रस्त्यावरील एकट्या ठेलेवाल्यापाशी असे मंडळ नाही. त्याच्या मजुरीचा दर आपल्या घासाघिशीवर ठरतो.

म्हणून ‘कमी खर्चात वाहतूक’ या शब्दांचा अर्थ नीट लावला पाहिजे. खर्च कमी करण्याचे मार्ग अनेक आहेत. गरज मोजावी. पाणी वगळून माल घ्यावा. जवळचा माल निवडावा. जे जागेवर घडते ते आणू नये. शेजाऱ्यांसह एक खेप करावी. वाट दुरुस्त करावी, चाक वापरावे आणि गोणी पंचवीस-तीस किलोंचीच भरावी. हे सारे केल्यानंतर जो खर्च उरतो, ती मजुरी होय, आणि तिच्यात काटछाट करू नये. वजन, अंतर व चढउतार यांत केलेली बचत खरी असते. मजुरीत केलेली बचत म्हणजे एकाचा खर्च दुसऱ्याच्या शरीरावर टाकणे.

मित्रहो, आपणांपैकी काही जण उद्या जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त किंवा वाहतूक विभागाचे अधिकारी होतील. आपल्यासमोर योजना येतील, त्यांत टनांचे व कोटींचे आकडे असतील. कंपोस्ट संयंत्राचा प्रस्ताव आला तर त्याच्या क्षमतेबरोबरच विचारा की हे खत कोणत्या शेतापर्यंत आणि कशाने जाणार. भाजीबाजाराचा आराखडा आला तर ठेल्याला जागा कोठे आहे ते पाहा. प्रत्येक योजनेत एक ठिकाण असे असते, जेथे गाडी थांबते व माणूस पोते पाठीवर घेतो. नकाशावर ते ठिकाण दाखविलेले नसते. ते शोधून तेथवर चालत जाणे, ही प्रशासकाची पहिली परीक्षा आहे.

आमच्या त्या तुकड्यात पुढील हंगामापासून पाल्याचे खत जागेवरच होऊ लागले. बाहेरून येणारा माल फारच थोडा उरला. तो आणण्यासाठी आम्ही त्याच गृहस्थांना बोलावीत असू. मजुरी ते सांगत आणि आम्ही देत असू. गोणी मात्र आधी तोलून घेत असू.